पात्याशिवाय मशीन

वर्लिनने दोरी ओढली, गवत कापायचं मशीन धडधडलं, आणि खिडकीत भांडी घासणाऱ्या आर्लिसने दचकून मान वर केली. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. मशीनला पातं नव्हतंच.

तो खुर्चीत पेंगत असताना तिनेच ते उतरवलं होतं. आधी स्पार्क प्लगची वायर काढायची, मग पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवायचा, मग नट फिरवायचा. लग्न नवीन असताना त्यानेच तिला शिकवलेलं. अख्ख्या गल्लीच्या पात्यांना कानस मारून द्यायचा हा माणूस. खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू सारख्या तोलल्या जातात का ते पाहिल्याशिवाय पातं परत करायचा नाही. आणि परवा, मशीन चालू आहे हेच विसरून, अडकलेलं गवत ओढायला त्याने खाली हात घातला. ती धावली म्हणून बोटं वाचली. डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाणार, याच्या हातात मशीन देऊ नका. त्यांचं सांगायला काय जातं? एवढंही काढून घेतलं तर याने दिवसभर करायचं काय?

वर्लिन सरळ रेषेत अंगणभर फिरला. एक कोपरा सोडला नाही.

कुंपणापलीकडून शेजारचा ड्वेन हसत ओरडला, "वर्लिन, गवत कापतोयस की गुदगुल्या करतोयस?"

वर्लिन थांबला. मागे वळून पाहिलं. मग मशीन बंद करून त्याने ते आडवं केलं आणि खाली वाकून बघत राहिला. ड्वेनला खाऊ की गिळू असं झालेली आर्लिस हात पुसत बाहेर आली.

"पातं नाहीये," वर्लिन म्हणाला. "आर्लिस, खरं सांग. तू काढलंस की मी?"

'मी' म्हटलं तर तो पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवणार नव्हता. पातंही आजच बसवून मागितलं असतं.

"तू," ती म्हणाली. "धार लावायला काढलंस. बसवायचं राहिलं."

असलं काही राहून जाऊ देणारा माणूस तो नव्हता. आता चिडेल, भांडेल, असं तिला वाटलं. भांडावं, असंही वाटलं.

त्याने मशीन परत सरळ उभं केलं.

"बरं झालं तुला विचारलं," तो म्हणाला. "तू आहेस म्हणून खरं काय ते कळतं तरी."