दम हाय का?

मशीन ओढून आडाच्या काठाशी आणलं तेव्हाच शिल्पाला ते बरं दिसलं नव्हतं. पण सुदर्शनपुढे बोलायची सोय नव्हती. पेट्रोलवरचा कॉम्प्रेसर घेतल्यापासून तो त्याला रोज फडक्यानं पुसायचा. बायकोकडं इतकं निरखून त्यानं कधी बघितलं नव्हतं. "नळी पुरंना," म्हणत त्यानं मशीन चाकांवरून काठापर्यंत आणलं, दोरी खेचून इंजिन चालू केलं, कमरेला दोर बांधला आणि आत उतरला.

किल्लारीच्या जुन्या गावठाणातला हा आड. भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, आड इथंच बुजून राहिला. त्यातली दगडमाती नवरा-बायकोनं उपसून काढली होती. आता तळाच्या झऱ्यांत गाळ बसला होता, तो हवेच्या झोतानं उडवायचा होता. जागेचे मालक दगडोबा बाभळीखाली बसले होते. म्हातारा रोज येऊन बसायचा, पण आडात एकदाही डोकावला नव्हता.

मशीनची रीत शिल्पाला पाठ झाली होती. हवेची टाकी भरली की दाबाचा काटा लाल रेघेशी थांबायचा आणि इंजिन आपसूक हळू होऊन पुटपुटत राहायचं. खाली सुदर्शननं नळीची चावी उघडली की काटा उतरायचा, इंजिन पुन्हा जोर धरायचं. आवाज कमी असतो तेवढ्यात तिनं हाक मारायची, "दम हाय का?" आणि त्यानं खालून म्हणायचं, "हाव." टाकीतला दम विचारला की माणसातला, ते दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.

इंजिन पुटपुटायला लागलं तशी ती वाकली.

"दम हाय का?"

"हाव."

आता चावी उघडेल म्हणून ती वाट बघत राहिली. काटा हलला नाही.

"दम हाय का?"

"हाव." या खेपेला तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच.

काटा लाल रेघेवरच. तिचा नवरा उगी हात बांधून बसणाऱ्यातला नव्हता. वर असला तरी नाही, आणि नवीन मशीन हाताशी असताना तर नाहीच.

"आबा, उठा! दोर वढायचा हाय!"

दगडोबा जागचे हलले नाहीत. "अगं, बोलून राहिला की. हाव म्हणतोय, ऐकू येईना का तुला?"

"आवाजाचं मला सांगू नका. खाली कुणी हवाच घेईना. काटा बघा, काटा!"

म्हाताऱ्यानं काट्याकडं बघितलं, मग आडाकडं. मग उठून दोर धरला. दोघांनी ओढायला सुरुवात केली. दोर जड लागत होता, तळहात सोलून निघत होते, आणि खालून सारखं येत होतं, "हाव... हाव..." लहान मुलाची समजूत घालावी तसं, शांत.

सुदर्शन वर आला तो मान टाकूनच. कपड्यांना धुराचा वास येत होता. तेव्हा शिल्पाचं लक्ष गेलं. काठाशी आणताना मशीनच्या सायलेन्सरचं तोंड आडाकडं झालं होतं आणि निळसर धूर काठावरून सरळ खाली उतरत होता. तिनं नवऱ्याला बाभळीपर्यंत ओढत नेलं, गालावर चापट्या मारल्या, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. बऱ्याच वेळानं तो खोकला. डोळे उघडले. मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.

"बरं वाटंना तर हाव हाव काय करून राहिले होते?"

"मी?" सुदर्शननं कष्टानं मान हलवली. "खाली टेकलो अन् चक्कर आली. मला तर तुझी हाकच आली न्हाई."

तेवढ्यात इंजिननं जोर धरला.

तिघांनी वळून पाहिलं. मशीनजवळ कुणीच नव्हतं. नळी तशीच आडात लोंबत होती. काटा लाल रेघेवरून जरासा उतरला, थांबला. पुन्हा जरासा उतरला, थांबला.

"चावी तर बंद हाय," सुदर्शन कसाबसा म्हणाला. "मी उघडलीच न्हाई."

शिल्पा उठली. मशीन बंद करावं, नवऱ्याला घ्यावं आणि मागं न बघता नव्या गावात जावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं बटणावर बोट ठेवलं.

"राहू दे, लेकी."

दगडोबा आडाच्या काठावर उभे होते. वाकून आत बघत होते.

"भूकंपात आमच्या घरातले समदे हितंच ऱ्हायले," ते म्हणाले. "घेऊ दे त्यांला जरा."

शिल्पानं बटणावरचं बोट काढलं. काटा उतरत होता, थांबत होता. मग तिनं दोन्ही हातांनी मशीनचा दांडा धरला आणि ते बेतानं फिरवलं, धूर आडात जाणार नाही असं.