सवालाचा डाव

"कवड्या नको," देवमन म्हणाला. "दान वाकडं पडलं तर भूतच पळून जाईन. मंग भेव कायचं?"

शेषरावच्या ओसरीवर भुताचा खेळ मांडायचा होता. एकानं भुताची गोष्ट रचायची, दुसऱ्यानं तिच्यात शिरून जीव वाचवायचा. हार-जीत कशावर ठरवायची, एवढंच बाकी होतं. सांगणारा नेहमी देवमनच. अख्ख्या मानोरा गावात त्याच्यासारखा भेव घालणारा नव्हता, आणि गड्याला त्याचा तोराही भारी!

"मंग पत्ते?" शेषरावनं विचारलं.

"पत्ते तुह्या हातात राह्यतेत. भूत माह्या हातात पाह्यजे." देवमननं ठरवूनच टाकलं. "सवाल! तू इचार, मी सांगतो. तीन टाळ्यांच्या आत सांगतलं नाही, तर मी हरलो."

"टाळ्या माह्याकडे," उंबऱ्याशी तूर निवडत बसलेली भागिरथा वहिनी म्हणाली.

तिचा नवरा दौलतराव, म्हणजे शेषरावचा थोरला भाऊ, गेल्या रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेहून एकटाच परतताना मळ्यातल्या विहिरीत पडून गेला. 'त्या दिवशी मी तापानं घरी फणफणलो होतो. मी संग असतो तर,' असं वर्षभर देवमन सगळ्यांना सांगत होता.

यंदा दुष्काळानं ती विहीर आटली, आणि उद्या शेषराव गाळ काढायला उतरणार होता. पायऱ्या ढिल्या झाल्यात, उतरू नको, म्हणून देवमननं आठ दिवस कानीकपाळी ओरडून पाहिलं. ऐकेल तर शपथ! एक दोस्त गेला तेवढा पुरे नव्हता का? आज याला असा घाबरवायचा की विहिरीकडे बघणार नाही, हे देवमन घरूनच ठरवून आला होता.

त्यानं आवाज खाली आणला. "आटलेली विहीर. गाळातून एक माणूस वर चढून राह्यला."

"कोठीसा आला?"

"तुह्या पायाखालच्या पायरीवर."

शेषरावचा चेहरा उतरला. देवमनला हायसं वाटलं. अजून एक झटका, की गडी उद्या घर सोडत नाही.

"चढताना आवाज कायचा येते?"

एक टाळी. दुसरी.

"वाळ्यांचा! चांदीचे वाळे. लेकीसाठी घेतलेले, कनवटीले बांधलेले. छुम... छुम..."

भागिरथाचे हात तसेच राहिले. शेषराव उठला, कोनाड्यातलं फडकं आणून त्यानं सोडलं. दोन इवले वाळे कवड्यांशेजारी ठेवले.

"दादानं त्याच दिवशी जत्रेत घेतले. त्याले वर काढलं मी, कनवटीतून हे सोडवले मी. वहिनीबिगर कोणाले दाखवले नाही." त्यानं वाळे देवमनपुढे सरकवले. "आता माहा सवाल. तुले कसं माहीत, देवमन?"

भागिरथानं पहिली टाळी वाजवली.