मधल्या थरातली गाठ

विमानाच्या इंजिनाचं पातं आम्ही काळ्या कार्बनच्या धाग्यांनी विणतो, एकमेकांत गुंतलेल्या अनेक थरांचं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणाऱ्याला थेट घरी बसवतात. ओदिलच्या पात्यात क्ष-किरणांना गाठ दिसली, अगदी मधल्या थरात.

"नोकरी नकोशी झाली का गं?" तपासनीस गास्तों म्हणाला. "आणि वर डावखुरी गाठ! आईची नक्कल करतेस?"

"मी नाही मारली. आईला तर इस्टरलाच पुरलं. हे पातं मी या सोमवारी मागावर घेतलं."

"मग काप. बघू."

ओदिल कात्रीने एकेक थर कापत गेली. गाठींवर बंदी येण्याआधी आई याच मागावर धागा जिभेवर भिजवून गाठ मारायची. ओठ काळे व्हायचे म्हणून सोबतच्या विणकर मुली तिला चिडवायच्या.

गाठ सापडली. ओदिलने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

गाठ अजून ओली होती.