वॉटर कूलिंगची चाचणी

१२ फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. चालू ग्राफिक्स कार्डे चार. दोघा भावांच्या ॲनिमेशन स्टुडिओत कार्डे पंख्यांऐवजी पाण्याने थंड ठेवणारे महागडे वॉटर कूलिंग बसवून तास झाला होता आणि त्या खरेदीला शेवटपर्यंत नाट लावणारा थोरला आता स्वतःच तापमान मोजत बसला होता.

“पंख्यांनी काय घोडं मारलं होतं?” त्याने विचारले.

“दादा, तुझ्या डिप्लोमानंतर जग बरंच पुढे गेलंय. आकडे बघ आणि त्या भागीदारीच्या करारावर सही करून टाक. जुनाच आहे, फक्त पत्ता बदललाय,” असे म्हणून धाकटा प्लायवूडच्या भिंतीपलीकडे फोनवर बोलायला गेला.

पंख्यांवर चौऱ्याऐंशी अंशांपर्यंत चढणारी कार्डे आज एकसष्टवर स्थिर होती. थोरल्याने नाइलाजाने मान डोलावली, करार पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.

आठ वर्षे पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची धाकट्याला सवय जडली होती. घरघर आज थांबली होती, सवय सुटली नव्हती.

“तो कुठला वाचतोय? सही झाली की स्टुडिओ माझ्या एकट्याचा. मग दाखवतो म्हाताऱ्याला दार.”

थोरल्याने करार उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात चाचणीचा निकाल लिहिला: खर्च पूर्णपणे योग्य. तापमानात घट, २३ अंश.