फळा चमकतो, मॅडम

“यादव चिंधा, उभा राहा.”

यादव उठला. उठताना गुडघा बाकाला आपटला आणि सातवीचा सगळा वर्ग फिसकन हसला. वर्गात सगळ्यांत उंच तोच. जागा मिळाली तीही शेवटची, भिंतीला टेकलेली. बाकाखाली पाय मावत नव्हते, त्यात कुणाचं तरी दप्तर तिथंच पडलेलं.

“फळ्यावरचं उदाहरण वाच आणि सोडव,” मृणाली मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं.

हा वर्ग हाती घेऊन त्यांना फार काळ झाला नव्हता, पण वचक बसायला वेळ लागतो थोडाच! एका हातानं साडीच्या निऱ्या सावरायच्या, दुसऱ्या हातानं डस्टर आपटायचं. डस्टरची ती लकब यादवच्या चांगली ओळखीची होती. डस्टर वाजलं की पुढे काय येतं, हेही त्याला ठाऊक होतं.

त्यानं फळ्याकडे पाहिलं. पण फळा होता कुठे? उन्हाळ्याच्या सुट्टीत फळ्याला काळ्या ऑइलपेंटचा नवा हात दिला होता आणि शाळाभर त्याचं केवढं कौतुक झालं होतं! कौतुक करण्यात यादवही मागे नव्हता. आता मात्र पांझरा नदीकडच्या खिडकीतून ऊन थेट फळ्यावर येत होतं आणि या कोपऱ्यातून बघावं तर फळा नुसता घासलेल्या परातीसारखा लखलखत होता. खडूची एक रेघ दिसेल तर शपथ.

खरं तर गणित म्हणजे यादवचा हातखंडा. तोंडी विचारलं असतं, तर चुटकीसरशी उत्तर आलं असतं. त्यानं मान डावीकडे कलती करून पाहिली, मग उजवीकडे.

“मानेचा व्यायाम झाला असेल तर वाचतोस का?”

पुन्हा हशा. यादवची कानशिलं तापली. गडबडला की त्याच्या तोंडात घरची बोली यायची. आताही तेच झालं.

“मॅडम, माले काहीच दखात नही.”

“शुद्ध बोल. ही शाळा आहे, शेत नाही.”

यादवची नजर खाली गेली. धरणगावच्या शेतातून त्याची आई त्याला याच बोलीत हाका मारायची. तिलाच कुणीतरी वर्गाबाहेर काढल्यासारखं त्याला वाटलं, आणि आपण काहीच बोललो नाही याची लाज वाटली ती वेगळीच.

“मला दिसत नाही, मॅडम. फळा चमकतो.”

“अख्ख्या वर्गाला दिसतो आणि तुलाच तेवढा चमकतो? प्रशील, तुला दिसतंय ना रे?”

“हो, मॅडम!” प्रशील ठणकावून म्हणाला. पहिल्या बाकावर बसणाऱ्याला न दिसायला काय झालं!

शेजारी बसलेल्या ऋतिकाला दया आली असावी. तिनं आपली वही हळूच त्याच्याकडे सरकवली. वहीत उदाहरण तेवढं उतरवलेलं होतं, सोडवलेलं नव्हतं. यादवनं तिरक्या नजरेनं आकडे टिपले, मनातल्या मनात हिशोब मांडला आणि उत्तर सांगून टाकलं. उत्तर बरोबर होतं.

तिथंच चुकलं.

“शेजारणीच्या वहीतून?” डस्टर पुन्हा वाजलं. “म्हणजे आळशी तो आळशी, वर चोरही!”

“उत्तर माझं मी काढलंय, मॅडम. वहीतून फक्त उदाहरण...”

“चोराच्या उलट्या बोंबा! गप्प बस.”

तो गप्प बसला. मॅडमना उलट उत्तर द्यायचं नाही, हे सकाळीच ठरलेलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. एवढ्या मुलांपुढे आपण रडलो तर काय होईल, या विचारानं तो आणखीच घाबरला. त्याला फार काही नको होतं. कुणीतरी या बाकावर येऊन क्षणभर बसावं, तो फळा बघावा आणि म्हणावं, यादव खोटं बोलत नाही. पण शेवटच्या बाकापर्यंत येतंय कोण! टेबलापासून इथवर चार ढांगांचं अंतर, पण मॅडमनी ते एकदाही ओलांडलं नाही.

“उद्या वडिलांना घेऊन यायचं,” मॅडम म्हणाल्या. “त्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही.”

यादवला वडील नव्हते. हे मुलांना माहीत होतं. तरी असा काही हशा उसळला की शेजारच्या वर्गातली मुलं दारातून डोकावून गेली. ऋतिकासुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होती. यादवनं हसण्याचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

घंटा झाली. मुलं पाणी प्यायला पळाली. यादव मात्र बाकावर तसाच बसून होता, त्या लखलखत्या फळ्याकडे बघत.

मृणाली मॅडमनी डस्टर टेबलावर ठेवलं. पायात येणाऱ्या निऱ्या दोन्ही हातांनी उचलून धरत त्या त्याच्या बाकापाशी आल्या. डस्टर नसल्यावर त्यांचा आवाज अगदीच लहान झाला होता.

“रागावलात का, सर? शिक्षक दिनाला हुबेहूब तुमच्यासारखंच शिकवायचं ठरवलं होतं मी. काल तुम्ही मला जे बोललात ना, ते सगळं पाठ केलं. एकही शब्द राहिला नाही ना?”

यादव सरांनी पाय आखडून घेतले.

मृणालीनं वाकून बाकाखालचं दप्तर ओढलं आणि छातीशी धरलं.

“आता पुढचा तास प्रशील घेणार आहे. उठता का, सर? ही माझी जागा आहे.”