आखूड प्रार्थना

चर्चच्या दारावर लाथ बसली तेव्हा प्रार्थनाबाईंची प्रार्थना नेमकी मुलापर्यंत आली होती. "प्रभू, त्याला सुबुद्धी दे," असं त्या म्हणत होत्या आणि मुलगाच दारात उभा. नाव काढलं की माणूस हजर. अशाला शंभर वर्षं आयुष्य, असं लोक कौतुकानं म्हणतात.

तो गॅरेजमधून तसाच आला होता. हाताला ग्रीस, तोंडाला दारूचा वास. शेवटच्या बाकावर त्याची बायको बसली होती. दुपारी ती अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली होती, परत न जाण्यासाठी. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून सासूपाठोपाठ चर्चमध्ये आली होती. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला खाली ओढलं.

"घरी चल. तुला इथे कोण वाचवतो ते बघतोच मी."

तिचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. त्यानं ते पुन्हा आपटलं. चर्चमध्ये चांगले धडधाकट पुरुष होते, पण एकही जागचा हलला नाही. पाळकसाहेब पांढरेफटक पडले. माणूस वाईट नव्हता बिचारा, पण काय करावं ते सुचेना, तेव्हा जे येत होतं तेच त्यानं केलं.

"भावांनो, बहिणींनो, हे सैतानाचं काम आहे. डोळे मिटा. बाई, तुम्ही थांबू नका. तुमची प्रार्थना देव ऐकतो."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

बाईंची प्रार्थना देव ऐकतो, असं अख्खी मंडळी म्हणायची. म्हणून तर त्यांचं हे नाव पडलं होतं. आवाज असा खणखणीत, की बाहेर रस्त्यावरचा माणूस थबकावा. हा आवाज कशानं तयार झाला, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. घरात मुलाचा हात सुटला की बाई स्वयंपाकघरात जाऊन गुडघे टेकायच्या आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करायच्या. मार वाढला की आवाज वाढायचा. पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून. शेजारी म्हणायचे, काय म्हातारीची भक्ती!

आताही शब्द जिभेवर तयार होते. पण स्वयंपाकघरात मधे भिंत असायची. इथे सून समोर पडली होती आणि तिचे डोळे उघडे होते. ते देवाकडे बघत नव्हते, सासूकडे बघत होते. बाईंना शरम वाटली. इतकी, की त्यांना डोळे मिटता येईनात.

मुलानं खिशातून पाना काढला. "आज संपवतोच हिला," तो म्हणाला. तो नुसतं बोलत नव्हता, हे त्याच्या आईला कळलं.

उंचावरच्या खिडक्यांच्या झडपा उघडायची जाड काठी भिंतीला टेकून उभी होती, टोकाला लोखंडी आकडा असलेली. बाईंनी ती उचलली. जन्मभर लाँड्रीत इस्त्री फिरवलेल्या मनगटांनी ती डोक्यावर धरली.

"प्रभू, माझ्या हाताला बळ दे."

एवढीच प्रार्थना. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत आखूड. सवयीनं, डोळे मिटूनच, सगळी मंडळी म्हणाली, "आमेन."

काठी मुलाच्या डोक्यात बसली. पाना हातातून सुटला. तो आधी गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला आणि बाकांमधल्या फरशीवर रक्त पसरायला लागलं. आता सगळ्यांचे डोळे उघडले.

"बाई!" पाळकसाहेब किंचाळले. "पोटच्या पोरावर हात उचललात?"

"गाडी काढा," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायचंय. आता कुणी डोळे मिटून बसला तर त्यालाही एक घालीन."

मघापासून बाकाला चिकटलेल्या पुरुषांना एकदम पाय फुटले.

बाईंनी काठी टाकली. खाली बसून त्यांनी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्यातला रुमाल जखमेवर दाबून धरला. रुमाल बघता बघता भिजला. तो श्वास घेत होता, पण घशातून घरघर येत होती. लहानपणी तापात अशीच यायची. बाईंचा सगळा धीर सुटला.

"प्रभू, वाचव याला. माझा आहे रे तो. वाचव!"

या वेळी आमेन कुणीच म्हटलं नाही. सगळे सुनेकडे बघत होते. ती बाकाला टेकून कशीबशी उठून बसली होती. तिनं बाहीला तोंड पुसलं, रक्ताबरोबर एक दात हातावर आला. तो तिनं मुठीत धरला.

"आई, अजून एक मागा," ती म्हणाली. "वाचव म्हणा. पण घरी पाठवू नको म्हणा."

बाईंनी मांडीवरच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर गाडी सुरू झाली. माणसं मुलाला उचलायला आली आणि बाईंनी हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

"प्रभू," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की पुढच्या बाकालाही ऐकू गेलं नाही, "वाचव त्याला. आणि माझ्या घरी पाठवू नको."

"आमेन," सून म्हणाली.