लग्नाला जाताना काय घ्यायचं

"गरम कपडे वरच ठेव ताई, हाताशी," परदेशात राहणारी धाकटी बहीण फोनवर सांगत होती. "उतरल्या उतरल्या गारठा झोंबतो. गोळ्या पर्समध्ये घे, मोठ्या बॅगेत नको. आणि तुझ्या शिक्षणाचे, पोरीच्या शाळेचे दाखले ओरिजिनल आण. झेरॉक्स इकडे कुणी बघत नाही."

फोन स्पीकरवर होता. या घरात फोन स्पीकरवरच असायचा. नवरा खुर्चीत बसून नखं कापत ऐकत होता. लग्नाला दाखले कशाला, असं त्यानं विचारलं. मेहुणीनं न अडखळता सांगितलं, की तिकडे उतरल्यावर मुलांबद्दल फार खोदून विचारतात, मूल कुणाचं, कुठे शिकतं. एका कुटुंबाला तर विमानतळावरूनच माघारी धाडलं होतं. त्यानं मान हलवली.

लग्न धाकटीच्या नणंदेच्या मुलीचं होतं. समुद्राकाठी हॉल घेतला होता. तिकिटं धाकटीनंच पाठवली, म्हणून नवऱ्यानं होकार दिला. शिवाय चारचौघांत सांगायला बरं होतं. न्हाव्याकडे, किराणा दुकानात, जिन्यात भेटेल त्याला, आमची माणसं विमानानं लग्नाला चाललीत, हे त्यानं सांगून ठेवलं होतं.

स्वतःच्या लग्नाआधी ताई एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आता भाजीला जायचं तरी विचारून जावं लागे. डाव्या कानानं तिला नीट ऐकू येत नसे. न्हाणीघरात पाय घसरला, असं तिनं डॉक्टरला सांगितलं होतं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं नव्हतं. पण खोटं तिला तेवढ्यापुरतंच जमायचं. नवऱ्यानं नुसतं रोखून बघितलं, की पोटातलं ओठावर यायचं.

निघायच्या आठवड्यात नवऱ्याचं मन फिरलं. दोघी गेल्यावर माझ्या खाण्यापिण्याचं काय, म्हणाला. दोन्ही पासपोर्ट कपाटात टाकून त्यानं किल्ली खिशात घातली. ताई मुकाट्यानं बॅगेतले कपडे बाहेर काढायला लागली.

तेव्हा मुलगी मध्ये पडली. पुढे ढकललेली परीक्षा नेमकी त्याच दिवसांत आलीय, म्हणाली. ती राहील, स्वयंपाक करील, आई एकटी जाऊ दे. तसंही तिला लग्नातली गर्दी आवडत नाही. ताईच्या मनाला ते लागलं. इतके दिवस बॅगेभोवती घुटमळत होती ती हीच पोर.

नवरा थोडा वेळ पोरीकडे बघत राहिला. तिच्या शाळेचं त्याला काडीचं ठाऊक नसे. मग तो हसला.

"जा," तो बायकोला म्हणाला. "वासरू गोठ्यात असलं की गाय लांब जात नाही."

परदेशातल्या विमानतळावर बहीण न्यायला आली होती. तिनं ताईला मिठी मारली आणि खांद्यावरून मागे बघितलं. पोर कुठाय, म्हणाली. परीक्षा आहे, असं ताईनं सांगितल्यावर तिनं बॅग उचलून गाडीत टाकली. गाडीत ताईच बोलत होती. आहेर काय करायचा, नवरीला कुठला रंग शोभेल, आपले कपडे साधे तर दिसणार नाहीत ना.

घरात पाहुणे नव्हते. मागच्या खोलीत दोन पलंग होते, त्यांवर दोन नव्याकोऱ्या चादरी, आणि खिडकीशी अभ्यासाचं टेबल.

बाकीचे कुठे उतरलेत, असं ताईनं विचारलं. बहिणीनं दार लावून घेतलं.

"ताई, लग्न नाहीये. कुणाचंच नाही. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून भाऊजींना कळलं असतं. वकीलबाईंशी बोललेय, इथल्या दवाखान्यात तुझ्या कामाचंही बघितलंय. तू आता परत जायचं नाहीस."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ ती चादरीवरून हात फिरवत होती.

"आणि ती?"

"ती शहाणी आहे, ताई."

पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. मी नाही पोचले तर तो तिचं काय करील, ते तुला ठाऊक नाही, एवढंच ती म्हणाली. बहिणीनं परोपरीनं समजावलं, वकीलबाईंना घरी आणलं, शेवटी पाय धरले. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही; ताई परत गेलीच, तर तीही तिच्या तोंडावरून भाऊजींना कळली असती. ताईचं एकच, परतीच्या तारखेला मला विमानात बसव.

उलट तिला वेगळाच घोर लागला. तो फोटो मागेल. म्हणून एका दुपारी दोघी समुद्राकाठच्या एका हॉलवर गेल्या. आत कुणाचं तरी लग्न चाललं होतं. दारावरच्या माणसानं विचारलं, नवरीकडचे की नवऱ्याकडचे. नवरीकडचे, असं बहीण म्हणाली. ताई ठेवणीतले कपडे घालून फुलांच्या कमानीखाली उभी राहिली. फोटो चांगला आला. ताई त्यात हसली होती.

परतताना विमानात ती मनातल्या मनात लग्न पाठ करत होती. नवरी कशी दिसत होती, जेवायला काय होतं, कोण कोण भेटलं. जिना चढतानाही ओठ हलत होते.

दार मुलीनं उघडलं. नवरा घरी नव्हता. आईला बघून पोर दार धरून तशीच उभी राहिली. बॅग घ्यायलाही तिनं हात पुढे केला नाही.

"तू परत का आलीस?"

पोर रुसली आहे, असं ताईला वाटलं. ती घाईघाईनं सांगायला लागली. लग्न फार छान झालं, तुझी फार आठवण आली, हा फोटो बघ.

मुलीनं फोटोकडे बघितलंच नाही.

"मावशीनं शाळेत फोन करून मला सगळं आधीच सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "आई, माझी परीक्षा नव्हतीच."